दोन आणे अंतर

दिवसभर मी बांध मोजते.
कंधार तालुका, पद भूकरमापक,
खांद्यावर रोव्हरचा पिवळा दांडा,
पिशवीत चोपन्न सालच्या खासरा पत्रकाची नक्कल.
कोपऱ्यातला उर्दू शेरा वाचून घ्यायला
जुन्या पेठेत इलियासचाचांकडं जावं लागतं.
चोपन्नला इथं चिंच होती, चाचा सांगतात, चिंच हीच हद्द.
आता चिंच नाही. दोन्हीकडचे लोक
चिंचेची आपापली जागा दाखवतात.
झाड चालत नाही हो, मी म्हणते.
हसतात. मग भांडतात.

रात्री चोपन्न सालचंच आभाळ उघडते.
कुठल्या परदेशी डोंगरावर काचेवर उतरवलेलं,
आता कुणालाही फुकट.
त्यावर अलीकडचं आभाळ ठेवायचं, कोपऱ्याला कोपरा जुळवून,
आणि एकच बटण:
जुनं, नवं,
जुनं, नवं,
पापणी लवावी तसं.
हजार ठिपके ढिम्म.
एखादाच अंग चोरून सरकतो.
किती?
मन्याडच्या पल्याड, चार किलोमीटरवर
ज्वारीचा एक दाणा ठेवा, इथून बघा.
वर्षाला तेवढं.

पण एकटा हलणारा काय कामाचा.
मला त्याच्या चालीचं दुसरं माणूस हवं असतं.

पुनर्वसूची जोडी अख्खं गाव ओळखतं.
त्या दोघी एकमेकींच्या कुणीच नव्हेत,
एक अलीकडं, एक कितीतरी मागं,
आपल्याच डोळ्यात तेवढ्या लगत लगत.
शेजार म्हणजे सोयरीक नव्हे,
हे मला सातबाऱ्यानं आधीच शिकवलं होतं.

माघातली रात्र, लाईट गेलेली, बॅटरी अठरा टक्के.
पुनर्वसूच्या बरंच खाली, एका पडीक तुकड्यात
एक पिवळट, एक मंद तांबडा.
चंद्र रुपया धरला तर दोघांत दोन आणे अंतर,
मधे दहा-बारा परके, जागचे न हललेले.
आणि हे दोघे
दक्षिणेला, किंचित पूर्वेला,
दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत सारखे.
नव्या यादीत पाहिलं: आपल्यापासूनही
दोघे तेवढ्याच लांब.
मी उठून पाणी प्याले. कुणाला उठवून सांगणार?

एकमेकांभोवती फिरत असणार,
एका फेऱ्याला पाच लाख वर्षं.
फिरताना कुणी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही.
ओढ इतकी विरळ, की तिसरा कुणी जवळून गेला तरी सुटावी.
पुरावा एवढाच:
अजून चाल मोडली नाही.

सकाळी गट नंबर एकशे सदतीस.
सरूबाई बारूळची, गिरजाबाई पेठवडजची,
सख्ख्या बहिणी, नऊ वर्षांची केस.
एक एसटीनं आली, एक भाच्याच्या मोटारसायकलवर.
शेताच्या दोन कडांना उभ्या.
मधे गुडघ्याखालचा हरभरा, तलाठी, पंच, एक कुत्रं.
म्हटलं, विहिरीकडं चाला, हद्द दाखवा.
निघाल्या.
मान वर नाही, एकीनं दुसरीकडं पाहिलं नाही.
जवळ येत येत पार विहिरीच्या अलीकडं,
सपाट रानात, जिथं काहीच नव्हतं,
तिथं दोघींनी वाट वाकडी केली.
एकीनं डावीकडून, एकीनं उजवीकडून,
बुंध्याला वळसा घालावा तशी,
आणि खाली वाकल्या जरा,
फांदी डोक्याला लागू नये म्हणून.

कुत्र्याशिवाय सगळे गप्प.

मी दांडा त्या मोकळ्या जागेत टेकवला,
आकडे स्थिर होईपर्यंत श्वास धरला.
पंचनाम्यात चालीचा रकाना नसतो.
लिहिलं: अर्जदार व सामनेवाले यांनी
खूण समक्ष दाखवली.
खाली दोन अंगठे,
कागदाच्या दोन टोकांना.